परवान्याचं झालं का?

६ मार्च

बारके,

फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. तुझ्या ऑफिसातली ती गोड आवाजाची मुलगी "मॅडम मीटिंगमध्ये आहेत" असं इतक्या वेळा म्हणाली की शेवटी मीच तिला विचारलं, बाई गं, मीटिंग चाललीय की बाळंतपण? ती हसली नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण साधं नाही.

कंटेनर अडकलाय. कस्टम्सचं पत्र मला आलं, तुझ्याकडून मात्र एक अक्षर नाही, हे आधी सांगून ठेवते. पत्रात म्हटलंय की माझ्या वर्कशॉपने 'पाण्याचे पंप' असं लिहून माल पाठवला. पाण्याच्या पंपाची एवढी किंमत आणि एवढं वजन कसं, याचा मी खुलासा करावा.

पाण्याचे पंप! ज्याने कोणी हे टाइप केलं त्याला माझ्यासमोर उभा कर. त्याला समजावून सांग, की आमच्या पंपाला आतून पांढरं अस्तर असतं. कडक आम्ल पोटात घेऊनही त्याला काही होत नाही आणि बाहेर एक थेंब गळत नाही. त्यातून पाणी न्यायचं म्हणजे सोनाराच्या काट्यावर बटाटे तोलायचे. साबणवाल्यांना, रंगवाल्यांना तो लागतो. विषारी वायू बनवणाऱ्यालाही नेमका तसाच पंप लागतो, म्हणून तो देशाबाहेर पाठवायला सरकारचा परवाना घ्यावा लागतो, आणि घेणाऱ्याकडून 'आम्ही हा अमक्याच कामाला वापरू' अशी लेखी हमी. तुला हे पाठ आहे. तुझ्या माणसांना दिसत नाही.

असो. टायपिंगची चूक आहे, निस्तरता येईल. पेट्या भरायच्या आधी मी दर वेळी तुला विचारते, "परवान्याचं झालं का?" आणि तू म्हणतेस, "झालं गं." म्हणजे परवाना आहे. त्याची प्रत तेवढी लगेच पाठव. मी ती त्यांच्या टेबलावर ठेवते, वर्णनातली चूक दुरुस्त करून घेते आणि माल सोडवते.

आणि फोन उचल. मी काही तुला खाणार नाही.

तुझी ताई


११ मार्च

बारके,

परवान्याची प्रत आली नाही. मी काल बंदरावरच्या गोदामात जाऊन आले.

तू येशील असं वाटलं होतं. तू तुझा तो लांबट चेहऱ्याचा माणूस पाठवलास. माझ्याशी बोलायला लागू नये म्हणून त्याने सगळा वेळ फोन कानाला लावून ठेवला होता, आणि कानाला असतानाच तो फोन वाजला. दुसरा कुठला दिवस असता तर तुला फोन करून मी हे सांगितलं असतं आणि आपण दोघी पोट धरून हसलो असतो.

तपासणीला एक बाई आहेत. नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या, पायात जाड तळाचे बूट. त्यांनी एक पेटी उघडायला सांगितली. हमालाने पहारीने झाकण उचकटलं, फोम बाजूला केला. आत माझाच पंप होता. माझा निळा रंग, माझी वेल्डिंग, हजारांत ओळखेन. फक्त पाटी नव्हती.

आपण प्रत्येक पंपावर पितळी पाटी लावतो. वर्कशॉपचं नाव, पंपाचा नंबर आणि खाली 'फक्त आम्लासाठी'. तिच्या जागी चार भोकं होती. दुसऱ्या पेटीत चार भोकं. सगळ्या पेट्यांत तेच. स्क्रू अगदी नीट काढलेले, रंगावर साधा ओरखडा नाही.

मी बाईंना म्हटलं, "कागदावर चुकून पाणी लिहिलं गेलंय, टाइप करणाऱ्याची चूक आहे." त्या म्हणाल्या, "असेल. स्क्रू पण चुकून निघतात का?"

मग मी तेच बोलले जे एवढी वर्षं सगळ्यांना सांगत आले आहे. "हे सगळं माझी बहीण बघते."

"बहीण तुमच्याकडे नोकरीला आहे?"

"नाही, ती फॉरवर्डर आहे, लोकांचा माल कागदपत्रं करून परदेशी पोचवते. स्वतःची फर्म आहे तिची."

"म्हणजे तुमच्या वतीने काम करते."

"हो."

"मग तिने जे केलं ते तुम्हीच केलं," त्या म्हणाल्या. "माल तुमचा, जबाबदारी तुमची. फॉर्म कोणी भरला हा तुमचा आपसातला प्रश्न."

मला राग आला. मी तिथेच त्यांना ऐकवलं की माझी बहीण असलं काही करणार नाही, वाटेत गोदामात कोणीतरी पाट्या चोरल्या असतील, पितळ आहे, विकलं जातं. तुझा तो लांबट माणूस तेव्हा जमिनीकडे बघत होता. मी त्या जागेवर उभं राहून तुझी बाजू घेतली, बारके, हे लक्षात ठेव.

मला सांग की पाट्या चोरीला गेल्या. मी लगेच विश्वास ठेवीन.

ताई


१३ मार्च

पाट्या चोरीला गेलेल्या नाहीत. त्या माझ्याच वर्कशॉपमध्ये, पॅकिंगच्या टेबलाखाली, बिस्किटांच्या डब्यात आहेत.

मिस्त्रींना मी सहज विचारलं. बाबांच्या वेळेपासूनचा माणूस, त्याला खोटं बोलताच येत नाही. ते म्हणाले, "मीच काढल्या की. धाकट्या ताईंचा फोन आला होता. तिकडे गेल्यावर त्यांच्या भाषेतल्या पाट्या लावणार आहेत म्हणाल्या. तुम्हाला विचारलंय म्हणाल्या."

मी म्हटलं, "मग मला एका शब्दाने का नाही सांगितलंत?"

ते गोंधळले. "तुम्ही दोघी वेगळ्या आहात असं कधी वाटलंच नाही, ताई."

वर आणखी म्हणाले, "याआधीच्या दोन वेळेलाही काढल्याच होत्या. डब्यात सगळ्या आहेत, मी जपून ठेवल्यात."

मी तिथेच एका पेटीवर बसले. मिस्त्रींनी पाणी आणून दिलं, त्यांना वाटलं मला चक्कर आली. चक्कर नाही आली. माझ्या छताखाली, माझ्याच माणसाच्या हातून, माझं नाव सांगून, तू माझ्या पंपांची नावं पुसलीस आणि मी शेजारच्या खोलीत बसून पुढच्या ऑर्डरचे आकडे मांडत होते.

हा कंटेनर अडकलाय, तो निदान बंदरात आहे. आधीच्या दोन खेपा गेल्या. पोचल्या. ते पंप आज कुठे आहेत? कोण चालवतंय? ऑर्डरच्या कागदावर साबणाचा कारखाना आहे. खरोखर आहे का?

मला या क्षणी दुसरं काही नको. परवाना नको, माफी नको. ते पंप कोणाकडे गेले एवढं मला सांग.


१९ मार्च

बारके,

काल तुझ्या ऑफिसात मला नीट बोलता आलं नाही. तुला माहीत आहे, मला राग आला की रडू येतं आणि रडू आलं की आणखी राग येतो. तुझी ती गोड आवाजाची मुलगी काचेपलीकडून बघत होती आणि तू मला टिश्यू पेपरचा खोका पुढे करत होतीस. जणू मी गिऱ्हाईक आहे आणि माझा माल हरवलाय. म्हणून आता शांत बसून लिहितेय.

तू काय काय बोललीस ते लिहून काढते, कारण घरी येईपर्यंत माझाच त्यावर विश्वास बसेना.

मी विचारलं, परवाना कुठे आहे? तू म्हणालीस, "परवाना नाहीये, ताई. काढलाच नव्हता."

"मग झालं म्हणून का सांगत होतीस?"

"झालं म्हणजे कस्टम्सचं झालं. माल सुटायचं झालं."

"मी परवान्याचं विचारत होते!"

तेव्हा तू खुर्चीत मागे रेललीस. अगदी शांत आवाजात म्हणालीस, "तू विचारायचीस, परवान्याचं झालं का. मी म्हणायचे, झालं. परवाना मिळाला, असं मी एकदा तरी म्हटलंय का? आठवून बघ."

मी आठवून बघितलं. कालपासून तेच करतेय. फोनवरचं, वर्कशॉपच्या दारातलं, आईच्या पलंगापाशी बसून झालेलं, सगळं बोलणं आठवलं. खरंच, एकदाही म्हणाली नाहीस. दर वेळी फक्त "झालं." कधी "झालं गं," कधी "झालं झालं, तू नको काळजी करूस." म्हणजे तुझ्या तोंडून चुकून निसटलेला शब्द नव्हता तो. उद्या कोणी विचारलं तर हात वर करता यावेत म्हणून तू तो निवडून ठेवला होतास, आणि माझ्याशी, सख्ख्या बहिणीशी बोलताना तोलून मापून वापरत होतीस. पाट्या काढल्याचं मला इतकं लागलं नाही. हे लागलं.

आपल्या दोघींत "झालं का" एवढंच पुरायचं. आईच्या औषधांचं झालं का? झालं. लाइटबिलाचं झालं का? झालं. त्यावर घर चालायचं. पुढे प्रश्न विचारावा असं मला कधी वाटलंच नाही. कागद दाखव म्हणणं म्हणजे तुझा अपमान, असं वाटायचं. परक्या एजंटकडे मी प्रत्येक कागद मागून, चष्मा लावून वाचला असता. तुला मात्र मी कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून देऊन ठेवल्या, कारण तू म्हणालीस बंदर लांब आहे, आयत्या वेळी कागद लागतात.

त्यातलाच एक काल तू दाखवलास. 'सदर पंप शेतात पाणी उपसण्यासाठी आहेत.' खाली माझी सही. सही इतकी खरी आहे की क्षणभर मलाच वाटलं, हे मी कधीतरी लिहिलं असेल.

मग तुझं ते वाक्य. "तुझ्याच भल्यासाठी केलं." परवान्याला महिने लागले असते, पार्टी दुसरीकडे गेली असती, गेल्या वर्षी तुझं वर्कशॉप बंद पडायला आलं होतं ते विसरलीस का, मी वाचवलं. विसरले नाही. पार्टी तूच आणलीस आणि मी तेव्हा तुला मिठी मारली होती, तेही विसरले नाही.

मी म्हटलं, "एकदा मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"अगं, म्हणूनच विचारायचं असतं!"

यावर तू घड्याळ बघितलंस.

आणि पार्टी कोण, हे मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणालीस, "पार्टी चांगली आहे. कधी कटकट नाही, कधी तक्रार नाही." ते पंपांचं करतात काय? "ताई, मी पेटी इथून तिथे नेते. लोकांच्या घरात डोकावत नाही."

पेटीत काय आहे ते तुला माहीत होतं. कशाला लागतं तेही माहीत होतं. फक्त कोणाला, एवढंच तू माहीत करून घेतलं नाहीस. बारके, हे न डोकावणं नाही. डोळे मिटून हात पुढे करणं आहे.

तुला आणखी काही माहीत असेल तर अजूनही सांग.

ताई


२८ मार्च

तुझं उत्तर मिळालं. मला नाही, कस्टम्सच्या बाईंना. त्यांनी मला बोलावून वाचून दाखवलं. तुझ्या वकिलाची भाषा छान आहे. 'मालाचे वर्णन निर्यातदाराच्या तोंडी सूचनेनुसार नमूद करण्यात आले. पाट्या निर्यातदाराच्या कर्मचाऱ्याने काढल्या.'

मी सूचना दिली. माझ्या माणसाने पाट्या काढल्या. तू फक्त तिथून जाता जाता दिसलीस वाटतं.

बाई म्हणाल्या, "हे खरं आहे का?" मी म्हटलं, "दुसरं वाक्य खरं आहे." त्यांनी ते लिहून घेतलं. बाहेर व्हरांड्यात एक बाक आहे, तिथे मी बराच वेळ बसून राहिले. केसाने गळा कापणं असं आपण म्हणतो ना, मला नेहमी वाटायचं, केसाने कसा कापेल? कापतो. दुखतसुद्धा नाही आधी.

घरी येऊन मी ऑर्डरच्या कागदावरच्या त्या साबण कारखान्याचा नंबर लावला. तो भाड्याने खुर्च्या देणाऱ्या एका दुकानात लागला. बाई भली होती. मी पंपांबद्दल विचारत होते आणि ती विचारत होती, खुर्च्या किती हव्यात, आणि पाठ असलेल्या की बिनपाठीच्या. मी फोन ठेवला आणि हसले, आणि मग हसू थांबेना म्हणून आई खोलीतून बाहेर आली.

तिला सांगावं लागलं. सगळं नाही, जेवढं तिला पेलेल तेवढं. ऐकून म्हणाली, "तिला सांभाळून घे. ती लहान आहे." चाळिशी उलटली तुझी, डोक्यात पांढरे केस लपवायला रंग लावतेस, आणि अजून लहान! मी मोठी कधी झाले ते मात्र कोणाला आठवत नाही. बहुतेक तू जन्मलीस त्या दिवशी.

आणि मग तो फोन. आता मी उचलत नव्हते तुझे, म्हणून तू चिमणीला लावायला सांगितलास. मला वाटलं पोरीला गणित अडलं असेल. "मावशी, आईला बोलायचंय," म्हणाली आणि तुझा आवाज आला. स्वतःच्या मुलीच्या आडून बोलायची वेळ आली तुझ्यावर, तिचं तरी वाईट वाटू दे.

तू जे म्हणालीस ते थोडक्यात असं. त्यांना फक्त हीच खेप माहीत आहे. आधीच्या दोन त्यांच्या नजरेत आलेल्या नाहीत, येणारही नाहीत. मी फक्त गप्प राहायचं. या खेपेपुरती नजरचूक कबूल करायची, दंड होईल, मिटेल. वर्कशॉप चालू राहील, मिस्त्री आणि बाकीचे कामावर राहतील, तुझी फर्म राहील, चिमणीची शाळा राहील. मी तोंड उघडलं तर सगळं जाईल, आणि तू आत जाशील. "तुला बहीण हवी की नाही ते ठरव," असं म्हणालीस.

आठवडाभर मी तेच ठरवतेय. वर्कशॉपमध्ये जाते, लेथचा आवाज ऐकते, मिस्त्री काहीतरी विचारतात, मी हो म्हणते. गप्प बसणं फार सोपं आहे. त्यासाठी काही करावंच लागत नाही. दुपारी जेवताना मी जवळजवळ ठरवलंही होतं, की मूग गिळून बसायचं.

पण मला ते पंप दिसतात. तुला वाटत असेल ताई नाटकं करतेय. नाही गं. कुठल्यातरी बंद शेडमध्ये बसवलेत, खाली सिमेंटचा चौथरा, शेजारी टाक्या, आणि त्यांतून काहीतरी वाहतंय. ते खरंच साबणाचं असेल. असू दे, देवा. पण साबण करणारा माणूस खुर्चीच्या दुकानाचा नंबर का देईल? पाट्या का काढायला लावेल? आणि मी बनवलेला पंप बंद पडत नाही, बारके. गळत नाही, थकत नाही, वर्षानुवर्षं चालतो. आजवर याचाच मला गर्व होता.

म्हणून माझं म्हणणं ऐक. तू स्वतः जा आणि सांग. आधीच्या खेपांचं सांग, पार्टीचं जे काही ठाऊक असेल ते सांग, कोणी आणली, कोणाशी बोललीस, पेट्या कुठल्या गोदामात उतरल्या. आपणहून सांगणाऱ्याला ते वेगळं वागवतात, हे मी बाईंना न विचारता त्यांच्या भिंतीवरच्या फलकावर वाचलंय. मी तुझ्या शेजारी बसेन. वकिलाने माझ्याबद्दल लिहिलं त्याबद्दल तिथे एक शब्द काढणार नाही. वर्कशॉप गेलं तर जाईल, ते माझं मी बघेन.

पत्र मिळाल्यावर ये. न येता वकील पाठवलास तर मी काय समजायचं ते समजेन.

ताई


५ एप्रिल

बारके,

तू आली नाहीस. तुझ्या वकिलाचा कागद आला, की मी तुझ्याशी थेट संपर्क ठेवू नये. हे पत्र त्या नियमात बसत नाही, तर नसू दे. हे कुरिअरने येणार नाहीये, मीच तुझ्या दाराखालून आत सरकवणार आहे.

आज सकाळी मी बाईंकडे गेले आणि दोन्ही खेपांचं सांगितलं. डब्यातल्या पाट्यांवरून पंपांचे नंबर दिले, तेच प्रत्येक पंपाच्या आतल्या अंगालाही कोरलेले असतात. त्या म्हणाल्या, "हे आम्हाला माहीत नव्हतं." मी म्हटलं, "म्हणूनच आले." माझा जबाब तिथेच लिहून झाला. प्रत्येक पान वाचलं, चष्मा लावून, मग सही केली. कोऱ्या लेटरहेडवर सह्या कोणी केल्या, हे त्यांनी विचारायच्या आधी मीच सांगितलं. तुझ्याबद्दल जे खरं आहे तेवढंच सांगितलं, एक शब्द जास्त नाही. आणि कमीही नाही.

माझं निर्यातीचं खातं आजपासून बंद झालंय. पुन्हा कधी उघडेल ते कोणी सांगू शकत नाही. दुपारी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना बोलावून सांगितलं, की इथल्या इथे विकून जितकं चालेल तितकं चालवू, ज्यांना दुसरीकडे मिळेल त्यांनी जावं. मिस्त्री तेवढे म्हणाले, "माझ्यामुळे झालं का, ताई?" त्यांना नाही म्हणताना मला तुझी जी चीड आली तशी या महिन्याभरात आली नव्हती.

पंप सापडतील का, मी विचारलं. बाई म्हणाल्या की नंबर मिळालेत, आता तिकडच्या लोकांना कळवतील, शोध घेतील. सापडतीलच असं म्हणाल्या नाहीत. खोटा धीर न देणारं कोणीतरी भेटलं याचं मला बरं वाटलं.

तुझ्या ऑफिसला दुपारी कुलूप लागलंय, ते तुला कळलं असेल. आता कस्टम्सचे लोक तुझ्या घरी येताहेत. त्यांची गाडी खाली उभी आहे, फाटकाच्या दोन्ही बाजूंना त्यांची माणसं आहेत, तेव्हा कागद हलवायचा किंवा मागच्या जिन्याने जायचा विचारही करू नकोस. घरात पोर आहे म्हणून बाईंनी मला आधी वर येऊ दिलंय, थोडा वेळ.

मी तुला वाचवू शकले असते, असं तुला आयुष्यभर वाटेल. आईलाही वाटेल. मला माफ कर असं मी म्हणणार नाही, कारण तसं मला वाटत नाही. तू माझा विश्वास घेऊन त्याचा आडोसा केलास आणि त्यामागून माझ्या हातचं काम अंधारात पाठवलंस, हे माझ्या मनातून जाणार नाही. कदाचित कधीच नाही. तुझ्यासाठी मात्र जीव तुटतोय, तोही आजच, याच जिन्यात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात ते मला ठाऊक नाही, पण आहेत.

चिमणीचं दप्तर आणि रात्रीचे कपडे एका पिशवीत भर. तिला मी घेऊन जाते. तिला काय सांगायचं ते तूच सांग, आत्ता, दार उघडायच्या आधी, आणि खरं सांग. पुढे तिने मला विचारलं तर मी तिच्याशी खोटं बोलणार नाही.

मी तुझ्या दाराबाहेर पायरीवर बसलेय. आतून तिचा आवाज येतोय, काहीतरी पाठ करतेय. बेल त्यांना वाजवू देऊ नकोस. त्याआधी तूच दार उघड.